नाळेतली एकच धमनी

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस निर्णय होत नव्हता. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, एवढंच. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी सांगितलं, "तुझ्या प्रकल्पावर मराठीत चार पानं दे," तेव्हा मी हो म्हणालो, कारण सरांना नाही म्हणता येत नाही. बसलो तेव्हा कळलं, की प्रकल्पावर लिहायला गेलो की बहीण मधे येते आणि बहिणीवर लिहायला गेलो की प्रकल्प मधे येतो. म्हणून दोन्ही एकत्रच लिहितो आहे. मी शास्त्रज्ञ नाही, डॉक्टर तर नाहीच. प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्या विषयावर लिहितोय तो मला जेमतेम कळायला लागलाय. जाणत्यांनी वाचताना तेवढं लक्षात ठेवावं आणि चुका पदरात घ्याव्यात. बहिणीला फोन करून विचारलं होतं. ती म्हणाली, "लिही की. कुणाचं नाव टाकू नको म्हंजे झालं." म्हणून कुणाचंच टाकलेलं नाही.

आमची वस्ती मिरजगावपासून थोडी आत आहे. मी नगरला खोली घेऊन राहतो. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण आईला सांगताना मी अजून नगरच म्हणतो.

आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी प्रकल्पांचे विषय वाटले तेव्हा माझ्या वाट्याला आलं ते असं: कोंबडीच्या गर्भात रक्तवाहिन्या कशा तयार होतात आणि त्या तयार व्हाव्यात म्हणून पेशी एकमेकींना काय कळवतात. मला वाटलं, गावाकडचा आहे म्हणून कोंबडीचा विषय दिला. थोडं वाईट वाटलं. नंतर समजलं, मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

दुकानातली अंडी उबवून काही होत नाही, कारण त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमच्या दारात आईच्या गावरान कोंबड्या आहेत आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारा एक कोंबडाही आहे. मी आईला सांगितलं, कॉलेजला अंडी पाहिजेत, शिकायला. तिला इतका आनंद झाला, की दोन आठवडे तिनं घरात कुणाला अंडं खाऊ दिलं नाही.

ती पहिली अंडी आम्ही उबवणीच्या यंत्रात ठेवली. तीन दिवसांनी पहिलं फोडलं तर असा वास सुटला, की प्रयोगशाळेच्या सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. दुसरं तसंच. तिसरं कुणी फोडूच दिलं नाही. मॅडमनी एक अंडं हातात घेऊन बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही इतकी गुळगुळीत कशी?"

मी आईला फोन लावला.

"आई, तू अंडी धुतली होतीस का?"

"मंग! साबन लावून. भांड्याच्या घासनीनं न्हाई हां, मऊ फडक्यानं."

"अगं, धुवायची नसतात. कवचावर एक थर असतो, तो गेला की आत जंतू शिरतात. तू कोंबडीखाली ठेवताना धुतेस का?"

"कोंबडीखाली कशाला धुईन?"

"मग?"

"आरं, ती कोंबडी हाय. ह्या तुज्या म्याडम हायेत. कालेजात घाणीची अंडी देऊ व्हय?"

मी फोन ठेवला. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आईंना माझा नमस्कार सांग. आणि म्हणावं, मला कोंबडी समजा."

दुसऱ्या खेपेची अंडी मी स्वतः जाऊन आणली, न धुतलेली. स्टीलच्या डब्यात बाजरी भरून त्यात टोक खाली करून खोचली आणि एसटीत डबा मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हाय डब्यात?"

"अंडी आहेत."

"इकायची का?"

"नाही. बघायची आहेत."

बाई जरा पलीकडे सरकून बसल्या.

त्या अंड्यांतलं पहिलं मॅडमनी माझ्यासमोर उघडलं. आधी बाजूनं भोक पाडून सुईनं थोडा पांढरा बलक काढून घेतला, म्हणजे गर्भ कवचापासून खाली बसतो. मग वरच्या बाजूला बारीक कात्रीनं छोटी खिडकी कापली. मी वाकून पाहिलं. पिवळ्या बलकावर लाल रेघांचं जाळं पसरलं होतं आणि त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी उडत होतं. थांबत नव्हतं. मी विचारलं, "मॅडम, हे काय हलतंय?" आणि विचारता विचारताच मला कळलं. मी किती वेळ वाकून होतो कोण जाणे, नंतर पाठ दुखली एवढं आठवतं.

उघडलेल्या अंड्याचं पिल्लू होत नाही. आई दर फोनला विचारायची, "पिल्लं कधी आनतोस?" एकदा तिला खरं सांगितलं, की बघण्यातच ती जातात. ती म्हणाली, "मंग नीट बग तरी." तेव्हापासून मी नीट बघायला लागलो.

मॅडमनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं आहे. सुरुवातीला गर्भात कसलीही नळी नसते. नुसत्या पेशी असतात. त्यातल्या काही पेशी एक प्रथिन बाहेर सोडतात. ते आजूबाजूला पसरतं, जवळ दाट आणि लांब विरळ. ज्या पेशींपासून रक्तवाहिन्या होणार, त्यांच्या अंगावर ते प्रथिन ओळखणारी जागा असते. ते लागलं की त्या पेशी एकमेकींना चिकटतात, पोकळ होतात, नळ्या तयार होतात. मी वहीत लिहिलं, "पेशी निरोप पाठवतात." मॅडम म्हणाल्या, "निरोप म्हणायला हरकत नाही, पण कुणी तो बसून वाचतं असं समजू नकोस. घरात फोडणी दिली की ओसरीवर कळतं ना? तसं आहे. ज्या बाजूनं वास दाट, त्या बाजूला चूल."

पुढचा भाग मात्र मला काही केल्या समजेना. तयार झालेल्या नळीला नवा फाटा फुटायचा असतो तेव्हा तिच्यातली एकच पेशी पुढे निघते, त्या वासाच्या दिशेनं. आणि पुढे निघताना ती शेजारणींना अडवते, की तुम्ही मागेच राहा. मी विचारलं, सगळ्यांनाच वास आला तर सगळ्याच का नाही निघत? मॅडमनी दोनतीनदा समजावलं. मी मान हलवत होतो, पण डोक्यात काही जात नव्हतं. खोलीवर जाताना रस्त्यात अचानक लख्ख दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी भीत भीत म्हणालो, "मॅडम, हे दारं धरण्यासारखं आहे."

"कसली दारं?"

मॅडम शहरातल्या. त्यांना सांगावं लागलं, की पिकाला पाणी देताना आमच्याकडे त्याला दारं धरणं म्हणतात. चारीतून, म्हणजे पाटातून, येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी एकच माणूस खोरं घेऊन चालतो. तो एका वाफ्याचं तोंड फोडतो, दुसऱ्याचं बंद करतो आणि बाकीच्यांना ओरडून सांगतो, आहे तिथंच थांबा. सगळ्यांनीच खोरी चालवली तर पाणी चहूकडे पळतं आणि एकही वाफा भिजत नाही. मॅडमनी मला फळ्यावर चित्र काढायला लावलं. वर्गासमोर फळ्यावर काही काढायची ती माझी पहिलीच वेळ.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली. जाळं तयार झालं आणि हृदय चालू झालं, की ज्या वाटेनं रक्त जास्त वाहतं ती रुंद होते. जिच्यातून वाहत नाही ती बुजून जाते. परीक्षेत येईल म्हणून मी त्याच्याखाली रेघ मारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दाजींनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. माझी मोठी बहीण शेवगावला दिलेली आहे, दाजी बाजारसमितीत टेम्पो चालवतात. ताईला पाचवा महिना होता, पहिलंच बाळ. फोटो सोनोग्राफीच्या रिपोर्टचा होता. खाली दाजींनी लिहिलं होतं, "पाहुणे, बघा काय म्हणतंय. डॉक्टर बोलले पण आमच्या डोक्यावरून गेलं."

आमच्याकडे सायन्सला गेलेला माणूस म्हणजे अर्धा डॉक्टर. शेजाऱ्यांची म्हैस रवंथ करेनाशी झाली तरी मला बोलावणं येतं. रिपोर्टमधल्या बऱ्याच ओळी मला कळल्या नाहीत. एक कळली. नाळेत दोनच रक्तवाहिन्या दिसतात, असं तिच्यात होतं. असायला पाहिजेत तीन. बाळाकडे पोषण आणणारी एक शीर आणि बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे परत नेणाऱ्या दोन धमन्या. म्हणजे एक धमनी नव्हती.

मी उत्तर पाठवलं नाही म्हणून दाजींनी फोनच केला.

"मग काय डॉक्टर, धोका हाय का?"

"दाजी, मला नाही सांगता येणार."

"आसं कसं? तुमी तर रक्ताच्या नळ्याच बघताय म्हनं कालेजात. तुमची आई सांगत हुती."

"कोंबडीच्या बघतो, दाजी."

पलीकडे टेम्पोचं इंजिन चालू होतं. त्यांनी ते बंद केलं. मग ते म्हणाले, "मोठी सोनोग्राफी करायला सांगितलीय, नगरला. बाळाचं हृदय आन् किडन्या नीट हायेत का बघायला. तुमच्या ताईनं दोन दिवस झालं तोंडात घास घेतला न्हाई. तुमी तरी काय बोला तिच्याशी."

मी मॅडमकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट वाचला, दोनदा वाचला. म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही आणि तूही नाहीस. बाळाचं काय होईल हे तू सांगू शकत नाहीस, सांगूही नकोस. पण एवढं खरं आहे, की अशी बरीच बाळं चांगली जन्मतात. एक धमनी दोघींचं काम करते. कधी कधी मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या घडणीतही काही राहून गेलेलं असतं, म्हणून बघायचं. जे माहीत आहे ते सांग. जे नाही ते नाही म्हण. भावाला तेवढं पुरे."

नगरच्या सोनोग्राफीआधी दाजींनी ताईला आमच्या वस्तीवर आणून सोडलं. मी रविवारी गेलो. आई दारातच म्हणाली, "बोल बाबा तिच्याशी. माज्याशी तर एक शबुद बोलंना."

वडील पलीकडे कांद्याला पाणी देत होते. मला बघून त्यांनी हाक मारली. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. त्यांनी पाण्यावरची नजर न काढता विचारलं, "दोन चाऱ्यांतली येक न्हाई म्हनं. मंग पानी पुरंल का?"

"आबा, उरलेली एक रुंद होते. बहुतेक वेळा पुरतं."

"मंग ती मोठी तपासनी कशाला?"

"कधी कधी अजून काही राहिलेलं असतं. हृदयात, किडनीत. ते बघायला."

"म्हंजे ज्यानं येक चारी काढली न्हाई, त्यानं आजून काय सोडलंय का, ते बघायचं."

"हो. तसंच."

"बरं मंग. बघू दे." आणि त्यांनी पुढच्या वाफ्याचं तोंड फोडलं.

ताई गोठ्यामागे शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसलो आणि दोन शेंगा घेतल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं खालच्या आवाजात म्हणाली, "तुला येक सांगू का? आईला बोलू नको."

"नाही बोलत."

"मी दावं वलांडलं हुतं."

गाय बांधायचा दोर, ते दावं. गरोदर बाईनं ते ओलांडू नये, नाळेला काहीतरी होतं, असं आमच्याकडे मानतात. ताईला सासरी गेल्या गेल्याच सासूबाईंनी हे सांगून ठेवलं होतं.

"गाय सुटून कडब्यात शिरली हुती. मी पळाले तिला धरायला. दावं आडवंच पडल्यालं. मला दिसलं, आन् तरी वलांडलं. आता सासूबाई काय बोलत न्हाईत, नुसत्या बघत्यात. मीच केलं ना हे?"

"कधीची गोष्ट?"

"दिवाळीनंतरची. चौथा लागला हुता."

मी तिथं बसून मनातल्या मनात सगळं पहिल्यापासून पुन्हा आठवलं, चुकू नये म्हणून. मग म्हणालो, "ताई, नाळेतल्या या वाहिन्या फार आधी तयार होतात. तुला दिवस गेलेत हे तुला कळलं ना, त्या सुमारास. त्याच वेळी एक तयार झाली नाही, किंवा झाली आणि तिच्यातून रक्त वाहिलं नाही म्हणून बुजून गेली. असं का होतं ते कुणालाच पक्कं माहीत नाही. पण दाव्यानं होत नाही. कशानंच तू केलेलं नाहीस."

"मला बरं वाटावं म्हनून बोलतोस."

"नाही. पुस्तकात आहे."

"कंच्या पानावर?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिला पान पाहिजे होतं. मी घरात जाऊन पिशवीतून पुस्तक आणलं आणि चित्रांचं पान काढून दिलं. तिनं हात पदराला पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं, बोट ठेवून नीट पाहिलं.

"ही तर कोंबडी हाय."

"कोंबडीचा गर्भ आहे. माणसाचा पुढच्या पानावर. सुरुवातीला सगळे जवळजवळ सारखेच दिसतात."

"म्हंजे माजं बाळ कोंबडीसारखं दिसत हुतं म्हनतोस?"

"दिसत होतं. आणि दाजी कोंबड्यासारखे."

ती हसली. मोठ्यानं हसली, आणि हसता हसता रडली. आई घरातून धावत आली, "आता काय झालं गं?" ताई म्हणाली, "काय न्हाई. भाकर दे, भूक लागलीय." आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी खरोखरच डॉक्टर आहे. मला तेव्हा लाज वाटली नाही, हे खरं सांगतो.

नगरच्या सोनोग्राफीला मीही गेलो. आत फक्त ताई होती. दाजी, आई आणि मी बाहेर बाकावर. बऱ्याच वेळानं डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावलं. म्हणाल्या, "हृदय छान आहे. गर्भाशयातलं पाणी पुरेसं आहे. उजवं मूत्रपिंड दिसलं. डावं काही सापडत नाहीये. बाळ पाठ फिरवून बसलंय. थोडं चाला, काहीतरी गोड खा आणि परत या."

दाजींनी ताईला उसाचा रस पाजला, रस्त्यानं फिरवलं. परत आत. पुन्हा तेच. पुन्हा फिरवलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "हट्टी आहे. कुणावर गेलंय?"

दाजी आणि ताई एकदमच म्हणाले, "हिच्यावर." "यांच्यावर."

पण मग बाई गंभीर झाल्या. डावं मूत्रपिंड तिथं नसेलच असं नाही, एक असलं तरी माणूस जगतो, पण आता त्या नक्की काही सांगू शकत नव्हत्या. पुढच्या तपासणीतही दिसलं नाही तर जन्मल्यावर बाळाची सोनोग्राफी करायची. आणि जन्मल्यानंतर पहिल्या दिवसात बाळाला लघवी होते का, यावर नीट लक्ष ठेवायचं. पुढच्या तपासणीतही ते दिसलं नाही. इतक्या सगळ्या भीतीतून शेवटी एक प्रश्न उरला: डावं आहे की नाही.

ते महिने कसे गेले यावर लिहिण्यासारखं फार नाही. ताई सातव्यात माहेरी आली. मी अंडी न्यायचो, खिडक्या कापायचो, जाळी मोजायचो. काही अंड्यांत एखादी वाट बुजत गेलेली स्पष्ट दिसायची. आदल्या दिवशी तिच्यात लाल रेघ असायची, दुसऱ्या दिवशी नसायची आणि शेजारची जाड झालेली असायची. तसं दिसलं की मी इतरांपेक्षा जास्त वेळ त्या अंड्याशी थांबायचो.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेच्या दिवशीच पहाटे ताईला कर्जतच्या दवाखान्यात नेलं. मी निघायच्या तयारीत होतो, तर आईनं फोनवर बजावलं, "तू तुजं बग. हितं येऊन तू काय करनार? बाळंतपन काय अंड्यात हाय का, खिडकी पाडून बघायला!" मी परीक्षेला गेलो. मोबाईल बाहेर पिशवीत ठेवावा लागला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी चित्रं पाहिली आणि विचारलं, "या जाळ्यातल्या काही वाहिन्या पुढे नाहीशा होतात. मग गर्भाचं नुकसान होत नाही का?"

मी उत्तर दिलं. काय दिलं ते शब्दशः आठवत नाही. उरलेल्या वाहिनीबद्दल मी बराच वेळ बोलत राहिलो असेन, कारण शेवटी ते म्हणाले, "बस, बस, समजलं."

बाहेर येऊन मोबाईल पाहिला तर दाजींचे फोन येऊन गेलेले. मी लावला.

"मुलगी!" दाजी ओरडले. "तुमी मामा झालात! लई रडली, सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. तुमची ताई बरी हाय."

"लघवी झाली का?"

"अहो पाहुणे, आत्ता आली ती जगात! जरा दम धरा की!"

पण दम कुणालाच धरवत नव्हता. दुपारी फोन केला तर आई, मावशी आणि ताईच्या सासूबाई तिघी बाळाभोवती बसून होत्या, दुपटं उघडून बघत होत्या, पुन्हा झाकत होत्या. एवढी माणसं तिच्याकडून एकाच गोष्टीची वाट बघत होती आणि ती झोपली होती. संध्याकाळी आईचाच फोन आला. आवाज इतका मोठा, की मोबाईल कानापासून लांब धरावा लागला.

"मुतली! माज्या लुगड्यावर मुतली! नवं लुगडं, बारशाला नेसायचं म्हनून जपून ठिवल्यालं, म्हनलं आज नेसावं, आन् चांगलं भिजवलं बग!"

"आता धुवू नको गं लगेच."

"न्हाई धुवत! तूच म्हनला हुतास न्हवं, धुवायचं नसतं!"

मागून सासूबाईंचं हसणं ऐकू येत होतं. कुणीतरी पेढे आणायला पळालं होतं. मीही हसलो. पण मला एक माहीत होतं, जे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते मी सांगितलं नाही. लघवी एका मूत्रपिंडानंसुद्धा होते.

आई म्हणाली, "घे, ताईशी बोल." ताईचा आवाज थकलेला होता. तिनं आधी मला परीक्षेचं विचारलं. मग हळूच म्हणाली, "भाऊ, येका किडनीनं पन होती ना रे लघवी?"

"होते."

"मला वाटलंच. आसू दे. ह्यांना आज पेढे खाऊ दे. उद्या हाय सोनोग्राफी."

त्या आनंदानं भरलेल्या खोलीत ती एकटीच हे जाणून होती, आणि नगरमध्ये मी. आम्ही दोघांनीही ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्यापाशीच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला उबवणीचं यंत्र पुसून ठेवायला सांगितलं होतं. प्रकल्प संपला होता. मी आतल्या जाळ्या बाहेर काढून धूत होतो, हात साबणानं भरलेले होते, तेव्हा खिशातला मोबाईल वाजला. तसाच ओल्या हातानं घेतला. ताई होती. मागे बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं. मी म्हणालो, "ताई?"

"खाली बसलीय," ती म्हणाली. "डावी किडनी जरा खाली बसलीय, म्हनून त्यांना दिसत नव्हती. पन हाय, भाऊ. कामाला चांगली हाय म्हनल्या डॉक्टर. दोन्ही हायेत."